पटावरचे हात

काल रात्री ‘शतरंज के खिलाड़ी’ पुन्हा पाहिला. १८५६चं लखनौ. अवध ईस्ट इंडिया कंपनीच्या घशात चाललंय आणि मिर्झा-मीर हे दोन सरदार बुद्धिबळात गुंग. सत्यजित राय सुरुवातीला दाखवतात फक्त हात, सोंगट्या सरकवणारे. त्या संथपणाची मला भूलच पडते.

मिर्झा झालेला संजीवकुमार, मीर झालेला सईद जाफरी, दोघंही लाजवाब. मिर्झाची दुर्लक्षित बायको, शबाना आझमीची खुर्शीद, थोडाच वेळ दिसते, तरी चटका लावते. पण जीव जडला तो अमजद खानवर. ‘शोले’नंतर दोनच वर्षांत गब्बरचा हा अवधचा राजा वाजिद अली शाह! कंपनीचा रेसिडेंट आउट्रम याच्यापुढे तो ताज उतरवून धरतो, राज्य सोडण्याच्या तहावर सही मात्र करत नाही. आवाज जराही चढत नाही. इतका हळवा, इतका ताठ राजा मी दुसरा पाहिलेला नाही.