शेवटचा सामना हरायचाच असतो

माइक मार्टिन यांच्याबद्दल टालाहासीत कुणाशीही बोलायला लागा, दुसऱ्या वाक्यात ‘पण’ येतोच. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचे ते ४० हंगाम मुख्य प्रशिक्षक होते. २०२९ सामने जिंकले. अमेरिकेच्या कॉलेज बेसबॉलमध्ये इतके दुसऱ्या कुणीच जिंकलेले नाहीत. पण राष्ट्रीय विजेतेपद? एकदाही नाही. २०१९ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा मी त्याच गावात होते, आणि त्या वर्षी हा ‘पण’ इतक्या जणांच्या तोंडून ऐकला की शेवटी मी त्यांच्या बाजूने भांडायला लागले. मी, म्हणजे दादरला वाढलेली, बेसबॉलला लहानपणी ‘अमेरिकन क्रिकेट’ म्हणून मोकळी झालेली बाई.

फ्लोरिडा म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर मायामी येतं. टालाहासी ही त्याच राज्याची राजधानी, पण जॉर्जियाच्या हद्दीलगत. लाल माती, ओकची प्रचंड झाडं, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटा, आणि रस्त्याकडेला टपरीवर मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. त्या शेंगा पहिल्यांदा खाल्ल्या त्या दिवशी मला हे गाव आपलं वाटलं. सरकारी खात्यांच्या संगणकप्रणालींची कामं कंत्राटावर करणारे भारतीय तिथे बरेच आहेत, मी त्यातलीच एक. शेजारी राज्य सरकारातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. तोंडावर मी त्यांना नावाने हाक मारायचे, मनात काका म्हणायचे. त्यांच्याकडे हंगामाची दोन तिकिटं असत. सोबत येणारा मुलगा ह्यूस्टनला नोकरीला गेला आणि दुसरी खुर्ची माझ्या वाट्याला आली.

मैदानाचं नाव डिक हाउझर स्टेडियम. हाउझर इथलेच. १९७९ मध्ये एक हंगाम त्यांनी हा संघ सांभाळला आणि मग न्यूयॉर्क यांकीजने बोलावलं म्हणून ते गेले. त्यांच्या जागी मदतनीस असलेले मार्टिन आले. हाउझर यांनी पुढे १९८५ मध्ये कॅन्सस सिटीला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली आणि दोन वर्षांत मेंदूच्या कर्करोगाने ते गेले. मार्टिन मात्र तिथेच राहिले. मैदानाच्या गवताला २००५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. स्टेडियम एकाचं आणि मैदान दुसऱ्याचं, ही वाटणी मला फार आवडली.

प्रेक्षकांत ‘बी’ विभागातली एक टोळी आहे. स्वतःला जनावरं म्हणवून घेतात, पाहुण्या संघाची यथेच्छ खिल्ली उडवतात आणि पाचव्या इनिंगच्या मध्यावर उभं राहून चक्क कॅनडाचं राष्ट्रगीत म्हणतात. का, हे काकांनी मला दर वेळी निराळं सांगितलं, म्हणून मी त्यातलं काहीच सांगत नाही. हाताची कुऱ्हाड करून युद्धघोष देणं मात्र मला कधी जमलं नाही. संघाला मूळनिवासी सेमिनोल जमातीचं नाव आहे आणि त्याला जमातीची संमती आहे, हे माहीत असूनही नाही.

बेसबॉलमध्ये प्रशिक्षकही खेळाडूंचाच पोशाख घालतो, हे मला सुरुवातीला विनोदी वाटायचं. पंच्याहत्तरीचा माणूस, पाठीवर ११ आकडा, डोक्यावर संघाची टोपी. गावात त्यांना ‘इलेव्हन’ याच नावाने ओळखत. काका नावाच्या जागीसुद्धा आकडाच वापरायचे: ‘इलेव्हनला आज हा पिचर काढायला उशीर झाला.’

मला त्यांचा संघ आवडायला लागला तो एका गोष्टीमुळे. हे लोक चेंडू सोडत. पिचरचे चार चेंडू वाईट पडले की फलंदाजाला फुकट पहिला बेस मिळतो, त्याला वॉक म्हणतात. मार्टिन यांचे फलंदाज वॉक मिळवण्यात देशात पुढे असायचे. पिचरला थकवायचं, मोहात पडायचं नाही, आपली विकेट स्वस्तात द्यायची नाही. शिवाजी पार्कच्या नेटमध्ये ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडायला शिकवतात तेच हे, फक्त बॅट ॲल्युमिनियमची आणि आवाज टिंग असा. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘लोक होम रन बघायला येतात, वॉक बघायला कोण येतं?’ मी म्हटलं, मी येते.

बाहेरून बघणाऱ्याला कॉलेजच्या प्रशिक्षकाचं काम म्हणजे मैदानावर उभं राहणं वाटतं. ते सगळ्यात सोपं असावं. फुटबॉलच्या संघाला भरघोस शिष्यवृत्त्या असतात. बेसबॉलच्या वाट्याला तेव्हा नियमाने ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्या येत, आणि त्या २७ पोरांत वाटायच्या. म्हणजे कुणाला पाव, कुणाला निम्मी, आणि उरलेल्यांच्या आईबापांनी कर्ज काढायचं. ते सगळं जमवून पोरगा तीन वर्षं तयार केला की जूनमध्ये व्यावसायिक संघ त्याला उचलत. मार्टिन यांच्या हातून असे किती गेले! बस्टर पोझी शॉर्टस्टॉप म्हणून आला, त्याला इथे कॅचर केलं, २००८ मध्ये एका सामन्यात तो गमतीने नऊच्या नऊ जागांवर खेळला, आणि तो हंगाम संपताच सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने नेला. त्यांच्याकडून त्याने तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. गुरूच्या खात्यात त्यातलं काही जमा होत नाही.

आता तो ‘पण’.

कॉलेजांची स्पर्धा अशी चालते: देशभरातून ६४ संघ निवडतात, चार-चार संघांचे १६ गट वेगवेगळ्या गावी खेळतात, दोनदा हरला तो घरी. १६ विजेत्यांच्या जोड्या लावतात, त्यांत तीनपैकी दोन जिंकायचे. उरलेले आठ नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाला जातात. १९५० पासून ही अंतिम फेरी तिथेच होते. मार्टिन तिथे १७ वेळा पोहोचले. १९८६ आणि १९९९ मध्ये अगदी अखेरच्या सामन्यापर्यंत गेले; १९९९ मध्ये मायामीकडून ६-५, एका धावेने हरले.

पण हिशेब जरा निराळा मांडून बघा. ४० वर्षांत त्यांच्या संघाची राष्ट्रीय स्पर्धा एकदाही चुकली नाही. आणि या स्पर्धेत विजेता सोडून प्रत्येक संघ आपला शेवटचा सामना हरूनच घरी जातो. म्हणजे या माणसाने ४० हंगामांचा शेवट ४० वेळा पराभवाने केला आणि दर वेळी पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा टोपी घालून तो उभा राहिला. जो आधीच बाद होतो त्याला हे दुखणं कळत नाही, शेवटपर्यंत टिकणाऱ्यालाच ते दरवर्षी सोसावं लागतं. कॉलेज बेसबॉलचेच दुसरे मोठे प्रशिक्षक ऑगी गॅरिडो यांची पाच विजेतेपदं आहेत, तरी टेक्सासमधला त्यांचा २०१६ चा शेवटचा हंगाम जिंकण्यापेक्षा हरण्यातच जास्त गेला. हे गणित मी काकांच्या अंगणातल्या एका जेवणात मांडलं, तर एक पाहुणे म्हणाले, ‘तुम्ही फारच हिशेबी आहात.’ कंत्राटी कामगार असते हो, हिशेबीच असणार.

२०१८ च्या मे महिन्यात मार्टिन यांनी क्लेमसनला हरवून गॅरिडो यांचा १९७५ विजयांचा विक्रम मोडला. पुढच्याच महिन्यात घरच्या मैदानावरच्या गटात संघ लागोपाठ दोन सामने हरला, दोन्ही अगदी शेवटच्या फटक्यावर. मिसिसिपी स्टेटच्या पोराने शेवटच्या इनिंगमध्ये होम रन मारला आणि २-० चं ३-२ झालं. मी तो चेंडू वर जाताना पाहिला आणि काकांकडे बघायचं टाळलं. त्यानंतर काही दिवसांनी जाहीर झालं की २०१९ हा मार्टिन यांचा शेवटचा हंगाम असेल.

त्या हंगामाच्या आधी, २ जानेवारीला, बाबांचा दादरहून फोन आला. क्रिकेट शिकवणारे आचरेकर सर गेले. बाबा नोकरीवरून येताना शिवाजी पार्कच्या कठड्यावर बसून त्यांची नेट बघायचे. सरांशी ते एक शब्दही कधी बोलले नव्हते, तरी घरातलं कुणी गेल्यासारखे बोलत होते. मी ते काकांना सांगायला गेले, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘ते कधी निवृत्त झाले?’ मला उत्तर देता येईना. आपल्याकडे सर निवृत्त कुठे होतात? त्यांना करार नसतो, निरोपाचं भाषण नसतं. आचरेकर सरांना आजारपणाने घरी बसवलं, आणि तरी ते खुर्चीत बसून पोरांची बॅट बघत. इथे मात्र वर्षभर आधी तारीख ठरवून एक माणूस जाणार होता आणि गावाला ते सोसायला वेळ मिळणार होता. दोन्हींतलं चांगलं कुठलं, यावर माझं मत अजून झालेलं नाही. एक साम्य मात्र आहे: सर एकच प्रथम श्रेणी सामना खेळले, मार्टिन खालच्या दर्जाच्या व्यावसायिक संघांपलीकडे गेले नाहीत. दोघांनाही वरच्या पायरीवरून खाली बघायला मिळालं नाही, म्हणूनच बहुधा खालच्या पायऱ्या इतक्या नीट दिसल्या.

९ मार्चला व्हर्जिनिया टेकविरुद्ध २००० वा विजय झाला. त्या दिवशी जनावरांच्या विभागातही रडारड होती. आणि मग संघ घसरला. वसंतात एक वेळ अशी आली की राष्ट्रीय स्पर्धेची चिठ्ठी येणार की नाही याचीच चिंता. ३६ विजय, २१ पराभव. निवड झाली तीसुद्धा जेमतेम, अगदी शेवटच्या काही संघांत. शिवाय आणखी एक पेच होता: ३९ वर्षं त्यांनी दर हंगामात किमान ४० सामने जिंकले होते, आणि आता चार कमी पडत होते. ते चार बाहेरगावी, मोठ्या संघांच्या घरी जाऊनच जिंकायला हवे होते.

संघ जॉर्जियाच्या अथेन्सला गेला आणि तिथले सगळे सामने जिंकून, जॉर्जियालाच घरच्या मैदानावर दोनदा हरवून आला. मग लुइझियाना स्टेट. तिथे पहिला सामना ६-४, तो चाळिसावा. दुसरा बाराव्या इनिंगपर्यंत ताणला, ड्रू मेंडोझाच्या फटक्याने ५-४ संपला. काकांच्या दिवाणखान्यात आम्ही दोघंच होतो. त्यांनी मला मिठी मारायला हात पसरले, मग आठवण झाल्यासारखं करून हस्तांदोलन केलं. मी हसले आणि मिठी मारली.

ओमाहात पहिला सामना आर्कान्सॉशी. ड्रू पॅरिश या डावखुऱ्या पोराने आठ इनिंग एक धाव दिली नाही, नवव्यात आपली एकमेव धाव झाली, १-०. तो विजय क्रमांक २०२९, आणि शेवटचा. पुढे मिशिगनने २-० ने हरवलं. १९ जूनला टेक्सास टेकने ४-१. तीन सामन्यांत मिळून दोन धावा! वॉक मिळवण्यात आयुष्य घातलेल्या माणसाच्या संघाला शेवटी कुणी बेसवर पुढे सरकूच देईना.

मार्टिन यांची जागा त्यांच्याच मुलाने घेतली. वडिलांचं दुकान मुलाने चालवावं तसं सगळ्यांना ते स्वाभाविक वाटलं, मला तेव्हाही धास्ती वाटली होती. दुसऱ्याच वर्षी करोनाने हंगाम मार्चमध्ये गुंडाळला, आणि २०२२ मध्ये विद्यापीठाने त्याला मोकळं केलं. ४० वर्षांचा माणूस गेल्यावर पुढचा कुणीही असता तरी त्याला दोन-तीन हंगामांत तोललं जाणारच. तो मुलगा होता हे त्याला जास्त महागात पडलं, एवढंच. त्याच्या जागी लिंक जॅरेट आले, मार्टिन यांच्याच हाताखाली शॉर्टस्टॉपला खेळलेले.

तोवर मी अटलांटाला आले होते. मार्टिन यांना स्मृतिभ्रंशाचा आजार झाल्याचं त्यांच्या घरच्यांनी आधीच सांगितलं होतं. १ फेब्रुवारी २०२४ ला ते गेले, हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर. त्याच वर्षी जॅरेटचा संघ ओमाहाला पोहोचला. पहिल्याच सामन्यात टेनेसीविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये हातातला सामना घालवून १२-११ ने हरला, तिथून सावरून व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाला हरवलं, शेवटच्या चारांत गेला आणि पुन्हा टेनेसीकडूनच हरला. टेनेसी पुढे विजेता झाला.

आपला संघ हरला त्या रात्री काकांचा फोन आला. मला वाटलं, इलेव्हनबद्दल काही बोलतील. ते पाऊण तास त्या पहिल्या सामन्याच्या नवव्या इनिंगवर बोलले: पिचर कधी काढायला हवा होता, त्याच्या जागी कोण आणायला हवा होता, आणि जॅरेटला हे कसं कळलं नाही.