कृत्रिमाचा डाव

मराठी समीक्षेच्या परिभाषेत ‘कृत्रिम’ हा शब्द वर्णनासाठी क्वचितच येतो. बहुधा तो निवाडा म्हणूनच येतो. एखादी कविता कृत्रिम आहे असे एकदा म्हटले की तिच्याविषयी आणखी काही सांगण्याची जबाबदारी समीक्षकावर उरत नाही. याउलट ‘सहज’, ‘उत्स्फूर्त’, ‘सेंद्रिय’ ही विशेषणे उच्चारली की मूल्यमापन पूर्ण झाल्यासारखे वाटते. वास्तविक ‘कृती’ आणि ‘कृत्रिम’ हे दोन्ही शब्द ‘कृ’ या एकाच धातूपासून आलेले आहेत. साहित्यकृती म्हणताना ज्या करण्याचा आपण गौरव करतो, त्याच करण्याला कृत्रिम म्हणताना आपण शिक्षा देतो. या विसंगतीचा विचार मी गेली दोन वर्षे करतो आहे, आणि त्याचे निमित्त पत्त्यांचा एक खेळ आहे. निमित्त क्षुल्लक वाटेल. परंतु प्रश्न क्षुल्लक नाही.

रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात दोन खेळाडू म्हणजे दोन मांत्रिक; प्रत्येकाच्या जवळ वीस प्राण असतात आणि समोरच्याचे प्राण संपवणे हे उद्दिष्ट असते. आपल्या नेहमीच्या पत्त्यांप्रमाणे येथे सर्वांसाठी एकच कॅट नसतो. हजारो वेगवेगळ्या पानांमधून निवड करून प्रत्येक खेळाडू किमान साठ पानांचा स्वतःचा कॅट, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत ‘डेक’, रचतो. मूलभूत भूमीची पाने सोडली तर एकच पान चारांहून अधिक वेळा घेता येत नाही. भूमीच्या पानांतून ‘माना’ नावाची शक्ती मिळते आणि ती खर्च करून उरलेली पाने टाकता येतात. पांढरा, निळा, काळा, लाल आणि हिरवा असे पाच रंग आहेत. प्रत्येक रंगाला स्वतःची जीवनदृष्टी आहे; हिरवा रंग वाढीचा, अरण्याचा, निसर्गाचा.

या पाच रंगांच्या बाहेर एक वर्ग आहे, तो ‘आर्टिफॅक्ट’चा. कौशल्याने घडवलेली वस्तू हा त्या शब्दाचा लॅटिन व्युत्पत्तीनुसार अर्थ. यंत्रे, शस्त्रे, धातूचे प्राणी या वर्गात येतात आणि त्यांतील बहुतेकांना रंग नसतो. १९९४ मध्ये आलेला ‘अँटिक्विटीज’ हा संच सर्वस्वी या घडीव वस्तूंना वाहिलेला होता. उर्झा आणि मिश्रा या दोन भावांच्या वैराची कथा त्यात पानापानांवर तुकड्यांनी विखुरलेली होती, जणू उत्खननात सापडलेले अवशेष जुळवून वाचकानेच ती सांगावी. पुढे २००३ च्या ‘मिरॉडिन’ या संचाने संपूर्ण धातूचे जग कल्पिले. माझा डेक मुख्यतः या दुसऱ्या संचातील साध्या, सहज मिळणाऱ्या पानांचा आहे.

त्यातील मध्यवर्ती नियम ‘अ‍ॅफिनिटी’ या नावाने ओळखला जातो. आपण त्याला आप्तभाव म्हणू. हा गुण असलेल्या पानाची किंमत, तुमच्यापुढे पटावर जितक्या घडीव वस्तू असतील तितक्या मानांनी कमी होते. एका डावाचा आरंभ सांगतो. पहिल्या फेरीत मी एक भूमी मांडतो आणि ‘ऑर्निथॉप्टर’ हे शून्य किंमतीचे, उडणारे, परंतु स्वतःहून कोणालाही इजा न करणारे यंत्र मांडतो. मिरॉडिनमधील या भूमी स्वतःही आर्टिफॅक्ट आहेत, म्हणून वस्तू झाल्या दोन. दुसऱ्या फेरीत दुसरी भूमी. वस्तू तीन, माना दोन. ‘फ्रॉगमाइट’ या धातूच्या बेडकाची छापील किंमत चार. ती आता एक. तो आला की वस्तू चार होतात आणि दुसरा फ्रॉगमाइट फुकट येतो. वस्तू पाच. मग ‘थॉटकास्ट’ हे दोन नवी पाने ओढू देणारे पान, छापील किंमत पाच. त्यांपैकी चार माना कोणत्याही प्रकारच्या चालतात आणि एक निळाच लागतो. पहिले चार गळून पडतात; निळा मात्र द्यावाच लागतो. तेरा मानांचा ऐवज दोन मानांत पटावर येतो, आणि तरीही कोणताही हिशेब खोडू शकत नाही असा एक रंगीत अंश शिल्लक राहतो.

सोस्यूरच्या विचाराशी परिचित असलेल्या वाचकाला येथे ‘मूल्य’ ही संकल्पना आठवल्याशिवाय राहणार नाही. चिन्हाचे मूल्य त्याच्या अंगी नसते. व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या संबंधांतून ते ठरते. मेंढीकोटातही दुरीची किंमत हुकूम कोणता यावर ठरते. पण तेथे ती एकदा ठरली की डावभर टिकते. येथे प्रत्येक पान मांडताच उरलेल्या पानांचे मूल्य बदलते. मार्च २००५ मध्ये या डेकच्या वर्चस्वामुळे ‘स्टँडर्ड’ या स्पर्धाप्रकारातून आठ पाने बाद करण्यात आली. त्यांपैकी सहा केवळ भूमीची पाने होती. ती देत होती तो माना कोणत्याही साध्या भूमीइतकाच, एक. त्यांचा अपराध त्यांच्या क्रियेत शोधून सापडत नाही. ती घडीव वस्तूंमध्ये मोजली जात, एवढाच तो अपराध. त्या सहांपैकी एकीचे नाव ‘ट्री ऑफ टेल्स’ असे आहे. हिरवा माना देणारा हा कथांचा वृक्ष एकाच वेळी झाड आहे आणि घडवलेली वस्तूही. सेंद्रिय आणि कृत्रिम यांच्यातील आपली सीमारेषा त्या इवल्या पानाला ठाऊकच नाही.

माझा सोळा वर्षांचा मुलगा हिरव्या रंगाचा डेक खेळतो. त्याचे प्राणी एकामागून एक वाढत जातात. त्याच्या खेळाला एक उमदा, मोकळा वेग आहे. एका रात्री मी वर सांगितलेली चाल पूर्ण केली तेव्हा तो म्हणाला, “बाबा, तू खेळत नाहीस, हिशेब करतोस. यात तू कुठे आहेस?” त्या वाक्याने मी थबकलो, कारण ते मला तोंडपाठ होते. पंडित कवींविषयी, विशेषतः मोरोपंतांविषयी, एम. ए.च्या वर्गात दरवर्षी कोणीतरी नेमके हेच विचारते. यमके आहेत, श्लेष आहेत, मात्रांचा हिशेब चोख आहे. पण यात कवी कुठे आहे?

मुलाने मग ‘नॅचरलाइज’ हे पान टाकले. दोन मानांत एक आर्टिफॅक्ट नष्ट करणे हे त्याचे कार्य. त्याने नेम धरला तो माझ्या भूमीवर. भूमी गेली, मानाचा स्रोत गेला, आणि हातातील प्रत्येक आप्तभावी पान एका मानाने महागले. परस्परावलंबनाची ही दुसरी बाजू आहे. जेथे सगळे सगळ्यांच्या आधाराने उभे असते, तेथे एक वस्तू काढली की हादरा सर्वत्र पोहोचतो. एक शब्द हलवला तर कविता कोसळते, असे आपण सेंद्रिय एकात्मतेचे लक्षण म्हणून शिकवतो. ते लक्षण या धातूच्या यंत्रावलीला, जिच्यात सेंद्रिय असे काहीच नाही, तंतोतंत लागू पडते.

परंतु मला अधिक अर्थपूर्ण वाटते ते त्या पानाचे नाव. नॅचरलाइज, म्हणजे नैसर्गिक करणे. जोनाथन कलरने १९७५ च्या ‘स्ट्रक्चरलिस्ट पोएटिक्स’मध्ये वाचनप्रक्रियेसाठी हीच संज्ञा वापरली आहे. संहितेतील अपरिचित, आडमुठे असे जे काही असते त्याला वाचक आपल्या ओळखीच्या व्यवस्थेत बसवतो. ते बोलणाऱ्याच्या मनःस्थितीशी, जगाच्या रीतीशी जोडतो, आणि मग ते खटकेनासे होते. या क्रियेवाचून वाचन होत नाही, हे खरेच. पण पटावर ही क्रिया पाहिली की तिची किंमतही दिसते. नैसर्गिक झालेली वस्तू पटावरून जाते. तिचे घडलेपण मोजले जाईनासे होते.

मोरोपंतांच्या बाबतीत (१७२९–१७९४) आपण नेमके हेच पान वारंवार खेळत आलो आहोत. ‘केकावली’ ही आर्त भक्ताची हाक म्हणून स्वीकारायची आणि त्यांची नाना रामायणे पांडित्याची कसरत म्हणून बाजूला ठेवायची, ही वाटणी आपल्या परिचयाची आहे. पण केकावलीतील हाक सतरा अक्षरांच्या, आठव्या अक्षरावर यती घेणाऱ्या पृथ्वी वृत्तात घडवलेली आहे. रामायणे रचणारा कारागीर आणि ती हाक घालणारा भक्त यांचे हात वेगळे नाहीत. केकावली वाचवण्यासाठी आपण तिचे घडीवपण दृष्टिआड केले, एवढेच. दुसऱ्या बाजूला ‘निरोष्ठ रामायण’ पाहावे. ओठांनी उच्चारायचे वर्ण वर्ज्य, ही त्याची अट. ‘म’ ओष्ठ्य आहे. म्हणजे ज्याची कथा सांगायची त्या रामाचे नाव घेता येत नाही. नाम हाच ज्या परंपरेचा प्राण, तिच्यातील कवी नामावाचून रामायण रचतो. ही केवळ कसरत आहे असे म्हणणे मला शक्य होत नाही. सगळे गाळून झाल्यावरही न गळणारा तो एक निळा माना मला येथे दिसतो. अटीच्या काटेकोरपणामुळेच तो दिसतो.

या तुलनेला मर्यादा आहेत. खेळात जय-पराजय असतो, कवितेत नसतो. पाने दुसऱ्याने छापलेली असतात. कवीला शब्द परंपरेतून मिळाले तरी ओळ त्यालाच करावी लागते. शिवाय प्रत्येक घडीव वस्तू चांगली घडलेली असतेच असेही नाही. पंडिती काव्यात निर्जीव यमकांची भरताड पुष्कळ आहे, आणि माझ्या पहिल्या काही रचनांत निरुपयोगी पाने होतीच. कृत्रिमाचा कैवार म्हणजे निकृष्टाचा कैवार नव्हे. मागणी इतकीच आहे की घडणीची परीक्षा घडण म्हणून व्हावी.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला एका दुसऱ्या डावात देता आले. माझ्यापुढे ‘क्रार्क-क्लॅन शमन’ होता. एका आर्टिफॅक्टचा बळी दिला की न उडणाऱ्या प्रत्येक प्राण्याला तो एक इजा करतो. मुलाने फ्रॉगमाइटवर नॅचरलाइज टाकले. ते फळण्यापूर्वी मी स्वतःच त्या फ्रॉगमाइटचा बळी दिला. त्याचे छोटे लानोवार एल्व्ह्ज गेले, माझा शमनही गेला, आणि नॅचरलाइजला नष्ट करायला काही उरले नाही. “मी इथे आहे,” मी म्हणालो, “काय सोडायचे ते ठरवण्यात.” त्याने क्षणभर पटाकडे पाहिले आणि म्हणाला, “मग आधी सांगायचंस ना, बाबा.”

निरोष्ठ रामायणाचा कर्ता कुठे आहे, या वर्गातील प्रश्नालाही माझे उत्तर आता याच दिशेने जाते. उद्गारात कवीला शोधण्याची सवय स्वच्छंदतावादाने आपल्याला लावली आणि ती अंगवळणी पडली. वर्ज्य केलेल्या अक्षरांतही कवी असतो. तेथे त्याला शोधायचे तर त्याने काय काय मोजले हे आपणही मोजावे लागते; आणि मोजणे हा वाचनाचाच एक प्रकार आहे, हे मान्य करण्यास आपल्या समीक्षेने संकोचू नये.