गणितातला ‘टी’ आणि गुणवत्तेचा वाद

चळवळीत गणिताचे काय काम, असे काही साथी विचारतात. वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही दर रविवारी बारावीच्या मुलामुलींना गणित शिकवतो. पॅरामेट्रिक समीकरणांचे कार्टेशियन रूप करणे हा त्यातलाच एक भाग. गुणवत्तेच्या वादात उत्तर देताना तो आम्हाला फार उपयोगी पडतो.

एक बिंदू चालतो आहे असे समजा: क्ष = टी, य = २टी. टी म्हणजे वेळ. पहिल्या समीकरणातला टी दुसऱ्यात घातला की मिळते य = २क्ष. आता दुसरा बिंदू घ्या: क्ष = ३टी, य = ६टी. इथे टी = क्ष/३, आणि उत्तर पुन्हा य = २क्ष. रेषा एकच, पण दुसरा बिंदू तेवढ्याच वेळात तिप्पट अंतर कापतो. तिसरा बिंदू: क्ष = टी², य = २टी². टी काढला की पुन्हा तेच य = २क्ष. मात्र वर्ग कधी ऋण नसतो, म्हणून हा बिंदू अर्ध्याच रेषेवर फिरतो. उत्तरापुढे ‘क्ष ≥ ०’ ही अट लिहिली नाही तर उत्तर अपुरे.

टी काढणे गैर नाही. वाट रेषा आहे की वर्तुळ, हे ओळखायला ते लागतेच. टी कधी नव्हताच असे मानणे मात्र गैर आहे.

गुणवत्ता यादीबाबत नेमके तेच होते. एकाला दोन वर्षे क्लास आणि घरात स्वतंत्र खोली. दुसरी सकाळी आईबरोबर धुणीभांडी आटोपून कॉलेज गाठते. यादीत दोघांपुढे फक्त गुण. कोण कुठून निघाले, किती वेळ मिळाला, कुठल्या वाटा बंद होत्या, हे सगळे पुसलेले. मग त्या आकड्याला ‘मेरिट’ म्हणायचे आणि आरक्षणाला सवलत! आमच्या मते आरक्षण ही उत्तरापुढे लिहायलाच हवी अशी अट आहे. नीट-पीजीतील ओबीसी आरक्षण वैध ठरवण्याची कारणे देताना सर्वोच्च न्यायालयानेही २० जानेवारी २०२२ रोजी हेच सांगितले: खुल्या स्पर्धा परीक्षेतली कामगिरी म्हणजेच गुणवत्ता नव्हे, काही वर्गांना लाभलेले सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक फायदे त्या गुणांत दिसत नाहीत.

मित्रहो, हा युक्तिवाद जरूर वापरा. पण आधी ही तिन्ही उदाहरणे वहीत सोडवा. स्वतःच्या वहीत अट लिहिण्याची सवय असेल, तरच समोरच्याने गाळलेली अट चटकन दिसते.

जय भीम!