पाण्यात अडकलेली हवा

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशापेक्षाही कमी भाग चाकांच्या कामी येतो. उरलेल्यातला बराचसा धुराबरोबर जातो आणि जवळपास तेवढाच इंजिनाच्या भिंतींतून फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. हे पाणी गार करणाऱ्या बारीक नळ्यांच्या जाळीला रेडिएटर म्हणतात. १९०१ च्या मर्सिडीज मोटारीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी आठ हजारांहून अधिक नळ्यांचा रेडिएटर घडवला, आणि कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीने बोरघाट चढताना ज्या आधारावर दम धरला, तो आधारही तत्त्वतः तोच होता.

अशा जुन्या गाडीचे पाणी बदलताना ते ओतणे सोपे असते; कस लागतो तो आत राहिलेली हवा काढताना. पाण्याची वाट जिथे वर चढून पुन्हा खाली वळते, तिथे हवेचा फुगा अडकतो, ज्याला कारागीर ‘एअर लॉक’ म्हणतात. हवा उष्णता फारशी उचलत नाही, त्यामुळे त्या जागचा धातू तापत राहतो, आसपासच्या पाण्याची वाफ होते आणि अखेर इंजिनाचे हेड वाकते. सर्वांत घातक गोष्ट अशी, की तापमान मोजणारा सेन्सर त्याच फुग्यात उघडा पडला, तर इंजिन होरपळत असतानाही काटा निवांत दिसू शकतो.

म्हणून हे काम गार इंजिनावर, शक्य तर गाडीचे नाक चढाकडे ठेवून आणि हीटर असल्यास तो पूर्ण गरम बाजूला फिरवून करावे लागते. पाणी सावकाश ओतत रबरी होज हाताने दाबला की बुडबुडे वर येतात. मग झाकण उघडे ठेवूनच इंजिन सुरू करायचे आणि थर्मोस्टॅटची, म्हणजे आतले मेण साधारण ८० ते ९० अंशांना वितळल्यावर उघडणाऱ्या झडपेची, वाट पाहायची. ती उघडताच पातळी एकाएकी खाली जाते; घाई करणारा नेमका या क्षणापूर्वीच झाकण लावून मोकळा होतो. काही इंजिनांवर याच कामासाठी उंच जागी एक छोटा स्क्रू असतो आणि तो ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत, अखंड धार येईपर्यंत, थांबावे लागते.

नंतर बसवलेले स्प्रिंगचे झाकण दाब धरून उत्कलनबिंदू १०० अंशांच्या वर नेते, म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण उघडणे जिवावर बेतू शकते.

इंजिन पूर्ण निवल्यावर पातळी थोडी उतरलेली आढळली, तर ती उरलेली हवा निघून गेल्याची खूण मानून भर घालावी. मात्र गळती कुठेच दिसत नसताना ती रोज उतरत असेल आणि बुडबुडे थांबतच नसतील, तर फाटलेल्या गॅस्केटमधून जळत्या पेट्रोलचा वायूच पाण्यात शिरत असण्याची शक्यता असते, आणि मग कितीही हवा काढली तरी हेड उतरवल्यावाचून इलाज नसतो.