पट्ट्याचे वय

अंतरंग पुरावा आणि बहिरंग पुरावा हा भेद मराठीच्या अभ्यासकाला नवा नाही. हस्तलिखिताचा काळ ठरवताना भाषेचे रूप आपण तपासतोच. परंतु पुष्पिकेत शक सापडला की जीव भांड्यात पडतो. हाच भेद मोटारीच्या इंजिनालाही लागू पडतो, हे आम्हां दोघांना कळमेश्वरला एका पत्र्याच्या शेडखाली उमगले.

आमच्या दिवंगत सरांची २००६ची मारुती ८०० मार्च २०२०च्या टाळेबंदीपासून तिथे उभी होती. ती ठेवायची की भंगारात द्यायची, हे ठरवण्यापूर्वी एकदा चालू झालेली ऐकावी, अशी काकूंची इच्छा होती. आम्ही नवी बॅटरी आणली, टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकले आणि मिस्त्रींना बोलावले. त्यांचे पहिले वाक्य होते : "सर, सेल मारू नोका. पयले टायमिंग पट्टा पाहू."

क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एकच व्हावा आणि झडपा नेमक्या वेळी उघडाव्यात, हे काम हा दातेरी रबरी पट्टा करतो. १९६२मध्ये जर्मनीतल्या ग्लास कंपनीने आपल्या १००४ या मोटारीत साखळीऐवजी असा पट्टा वापरला. पुढे तो जगभर रुळला. साखळी सैल झाली की खडखडून तक्रार करते. पट्टा बहुधा काही न बोलताच तुटतो.

मिस्त्रींनी वरचे आवरण काढले, आम्ही टॉर्च धरला. भेगा नाहीत, दात शाबूत, कडा उसवलेल्या नाहीत, तेलाचा ओलावा नाही, उंदरांनीही कृपा केलेली. अंतरंग पुरावा निर्दोष! "पट्टा तं मस्त दिसून राह्यला," मिस्त्री म्हणाले, "पण टाकला कधी?"

उत्तर डॅशबोर्डच्या खणातल्या वहीत, सरांच्या वळणदार अक्षरात होते : २०११, एकेचाळीस हजार किलोमीटर. मीटरवर आता त्रेपन्न हजार. अंतर पाहिले तर पट्टा तरुण, वर्षे मोजली तर म्हातारा. म्हणूनच पट्टा बदलण्यासाठी किलोमीटर आणि वर्षे अशा दोन मर्यादा देतात. जी आधी येईल ती खरी. रबर उभ्या गाडीतही कडक होत जाते; त्यात शेडमधले ४५ अंशांचे उन्हाळे, आणि पुलीवर त्याच वाकणात काढलेली वर्षे. अशा पट्ट्याला सेलचा पहिला हिसका सोसेलच असे नाही.

काकूंना हे पटेना. "पाच मिनिटं ऐकायची आहे रे, त्यासाठी एवढा खर्च?" त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. पट्टा तुटल्यावर काही इंजिने नुसती बंद पडतात. काहींत मात्र पिस्टन उघड्या झडपांवर आदळतो आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपुढे जातो. आपले इंजिन कोणत्या जातीचे ते ठाऊक नसेल तर दुसऱ्या जातीचेच समजावे, असे आमचे मत. सरांची गाडी ऐकता ऐकताच मोडली असती तर काकूंना काय वाटले असते, हे मात्र आम्ही त्यांना बोलून दाखवले नाही. असो.

नागपूरहून पट्टा आणि ताण देणारी पुली आली. खुणा जुळवून मिस्त्रींनी पान्याने क्रँक हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवला. खुणा पुन्हा समोरासमोर आल्या. काकूंनी चष्मा मागवला, सरांच्या नोंदीखाली तारीख लिहिली आणि मग किल्ली हातात घेतली.

तिसऱ्या प्रयत्नात गाडी चालू झाली. ठेवायची की द्यायची, ते काकूंनी अजून सांगितलेले नाही.