रविवारी मी कुठे जातो

मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान गावात मी राहतो. गेली सहा वर्षं रविवारी सकाळी मी तिथल्या युनिटेरियन चर्चमध्ये जातो. हे कळलं की मिरजेतल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘‘म्हणजे धर्म बदलला का?’’ नाही बदलला. रमजानचे रोजे धरतो, जमेल तेव्हा जुम्म्याला तीस मैलांवरच्या मशिदीत जातो.

युनिटेरियन म्हणजे कोण, ते थोडक्यात सांगतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा ख्रिस्ती धर्मातला त्रैक्याचा सिद्धान्त ज्यांनी नाकारला आणि ईश्वर एकच आहे असं म्हटलं, ते हे लोक. त्रैक्याविरुद्ध लिहिलं म्हणून मायकेल सर्व्हिटसला १५५३ मध्ये जिनिव्हात जिवंत जाळलं होतं. अमेरिकेत त्यांची संघटना १८२५ साली बॉस्टनमध्ये उभी राहिली आणि १९६१ मध्ये युनिव्हर्सलिस्ट पंथाशी एक झाली. तौहीद ऐकत वाढलेल्या माणसाला हा इतिहास जवळचा वाटणारच. पण आज तिथे एका ईश्वरावर विश्वास ठेवण्याचीही अट नाही. माझ्या बाकावर एका बाजूला एक ज्यू आजी बसतात, दुसऱ्या बाजूला देव न मानणारे एक निवृत्त सुतार. काय मानायचं हे कुणी ठरवून देत नाही. एकमेकांशी कसं वागायचं, एवढाच करार.

मराठी वाचकाला हे अगदी परकं नाही. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले ते युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर. आणि १८२१ मध्ये कलकत्त्यात युनिटेरियन कमिटी काढण्यात पुढे असलेल्या राममोहन राय यांनी एकेश्वरवादावरचं आपलं पहिलं पुस्तक फारसीत लिहिलं, त्याची प्रस्तावना अरबीत. (आमच्या शाळेत राममोहन राय म्हणजे फक्त सतीबंदी.)

मी मात्र इतिहास वाचून तिथे गेलो नाही. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा घर बघताना एजंट आधी बजेट विचारायचा, मग नाव. नाव ऐकलं की ‘‘मालकांना विचारून कळवतो.’’ इथे आल्यावर एका मशिदीत पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, ‘‘तुम्ही कोणत्या मसलकचे?’’ दर्ग्यावर जाणाऱ्या घरातला आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. चाळिशीपर्यंत मी कुठल्या ना कुठल्या दारात उत्तरंच देत होतो. चर्चमध्ये कोणी काही विचारलं नाही. नुसतं स्वागत तर दुकानातही होतं; पण तीनेक महिन्यांनी कॉफी करणाऱ्यांच्या पाळ्यांच्या यादीत माझं नाव लागलं, स्पेलिंग चुकवून. तेव्हा मला आपण इथले आहोत असं वाटलं.

अब्बा गेले त्या वर्षी मला मिरजेला पोचता आलं नाही. असर नंतर दफन झालं आणि मी ते फोनवर पाहिलं. इथे तेव्हा पहाट होती. पुढच्या रविवारी चर्चमध्ये नेहमीसारखं पाण्याचं भांडं ठेवलेलं होतं. ज्याला काही सुख किंवा दुःख सांगायचंय त्याने पुढे जायचं, एक खडा पाण्यात सोडायचा आणि दोन वाक्यं बोलायची. मी गेलो. माझे अब्बा मिरज जंक्शनवर पॉइंट्समन होते, एवढं इंग्रजीत बोललो. मग आवाज फुटेना, म्हणून ‘इन्ना लिल्लाहि’ पुटपुटलो आणि जागेवर येऊन बसलो. सगळे थोडा वेळ शांत होते. संध्याकाळी ते सुतारकाका मसूरचं सूप घेऊन दारात उभे. हलाल मटण कुठे मिळतं ते ठाऊक नव्हतं, म्हणून डाळीचं केलं म्हणाले.

तिथे सगळंच मिळतं असं नाही. खांद्याला खांदा लावून सफ बांधण्यात जे असतं ते बाकावर बसून येत नाही, आणि सजदा तर नाहीच. बहुतेक लोक गोरे आणि बरे शिकलेले आहेत. गाण्यांच्या वेळी मी बहुधा गप्प असतो. पण सगळ्या जातिधर्मांचे लोक एका अंगणात बसलेले मी लहानपणापासून पाहत आलो आहे. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला रात्रभर गाणं चालायचं, अब्बा मला मांडीवर घेऊन बसायचे आणि शेजारी कोण आहे हे कुणी विचारत नसे.

गेल्या उन्हाळ्यात अम्मी आली होती. फोनवर ती कायम म्हणायची, ‘‘चर्चमें कायकू जाता रे?’’ म्हणून तिला घेऊनच गेलो. दारातच तिने चपला काढल्या आणि आत सगळे बूट घालून बसलेले पाहून माझ्याकडे रागाने बघितलं. मग शेवटच्या बाकावर मांडी घालून तासभर तसबीह फिरवत बसली. ज्यू आजींनी तिचा हात धरला, दोघी आपापल्या भाषेत बराच वेळ बोलल्या.

‘‘लोगां अच्छे हैं,’’ गाडीत ती म्हणाली. ‘‘पन नमाज कब पढ़ते?’’

जुहरची वेळ झाली होती. घरी येऊन आम्ही दोघांनी वुजू केलं.