मध्यरात्रीची घंटा वाजवणारी छत्रं

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराचं मंदिर बघतो, सरस्वती महाल बघतो, भोसल्यांची नावं वाचून सुखावतो आणि दुसऱ्या दिवशी पुढची गाडी पकडतो. तुम्ही एक दिवस जास्तीचा ठेवा. पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या बसमध्ये बसा आणि साधारण २४ किलोमीटरवर ओरत्तनाडूला उतरा.

तिथे मुक्ताम्बाळ छत्र आहे. छत्र म्हणजे आपल्या अन्नछत्रातलंच. तंजावरच्या मराठी राजांनी काशी-रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी वाटेवर अशी कितीतरी छत्रं बांधली, आणि बहुतेकांना राण्यांची नावं दिली. मुक्ताम्बाळ मात्र राणी नव्हती. दुसऱ्या सरफोजीराजांचं तिच्यावर प्रेम होतं, पण तिला राणीचा मान मिळाला नाही. आपल्याही नावाचं एक छत्र असावं, एवढंच तिने शेवटी मागितलं असं सांगतात. इमारतीची एक बाजू रथासारखी घडवलेली आहे आणि तो ओढायला दगडी घोडे नि हत्ती आहेत. राण्यांच्या छत्रांनाही हेवा वाटावा असं हे काम!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. १७९९च्या तहाने सरफोजींचं राज्य कंपनीकडे गेलं, त्यांच्याकडे किल्ला तेवढा उरला. १८०१मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांसाठी रदबदली केली. तिथे काय चालतं, हे त्यात बारकाईने सांगितलं आहे. जोगी, जंगम, फकीर, ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत सगळ्यांना भात मिळे. शिजवलेलं न खाणाऱ्यांना शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिलंय का, म्हणून बोलावलं जाई. आजारी वाटसरू बरा होईपर्यंत राही, त्याला औषध आणि पथ्याचं जेवण मिळे. बाळंतिणीचा सगळा खर्च छत्राचा, आणि तीन महिने मुक्कामाची मुभा. वाटेत पोरक्या झालेल्या मुलांना पंतोजींकडे सोपवत. त्यांना तीन वेळा जेवण आणि दर चार दिवसांनी तेल लावून न्हाऊ घालणं. (हे तेलाचं वाचलं की पत्र राजाचं नाही, घरातल्या आजीचं वाटतं.)

आज पैसे मोजूनही असा पाहुणचार कुठे मिळतो?

ओरत्तनाडूच्या छत्रात आता यात्रेकरू उतरत नाहीत. नंतरच्या काळात तिथे शाळेची मुलं राहून शिकली. म्हणून खोली तंजावरलाच घ्या आणि सकाळी लवकर निघा. दुपारचं ऊन फार असतं. वेळ असेल तर त्याच वाटेने पुढे समुद्रापर्यंत जा. किनाऱ्यावरच्या एका गावाचं नावच सेतुभावाछत्रम आहे. बसच्या पाटीवर ते तमिळमध्ये असेल, शेजारच्या माणसाकडून वाचून घ्या.